काळं झालं की झालं

पिन भोकात जात नाही.

वडील खडूने कापडावर रेघ ओढत, मग ती अंगठ्याने पुसत आणि अर्धं बोट अलीकडे पुन्हा ओढत. अर्धं बोट म्हणजे नेमकं किती, हे त्यांना कधी विचारलं नाही.

उशी उचलताना बायको म्हणाली होती, "पाठीला जरा कडक गादी हवी." मुलीच्या खोलीतली गादी जास्त मऊ आहे.

ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या यंत्राला दोन नळ आहेत, एक लाल, एक निळा. दोन्हीतून कोमट पाणी येतं. कोणी तक्रार केलेली नाही.

चारशे नग.

"सर, काळं झालं म्हणजे बरोबर झालं ना?"

"हो."

गुरुवारी सकाळी फोरमन स्वतः जिना चढून वर आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळायला हवं होतं, कारण अकरा वर्षांत तो ड्रॉइंगच्या खोलीत दोनदाच आला होता आणि दोन्ही वेळा पेढे घेऊन. या वेळी त्याच्या हातात तळहाताएवढी पोलादी पट्टी होती. ती त्याने थेट समोर बसलेल्या सीनियर ड्राफ्ट्समनच्या कीबोर्डवर ठेवली, त्यामुळे पडद्यावर एकाच अक्षराची लांबच लांब ओळ उमटत गेली. दुसऱ्या हातातली पिन पुढे करून म्हणाला, "घ्या. लावून दाखवा." पट्टी चाकाच्या खुर्चीची होती. रुग्णाने पाय ठेवायची फळी जिथे खुर्चीला जोडली जाते, तिथली. ड्राफ्ट्समनने पिन भोकावर धरली, दाबली, फिरवली, पुन्हा दाबली. पट्टी मागच्या जोडाला टेकवून धरली की दोन भोकं एकमेकांसमोर यायला हवीत. तिथे चंद्राच्या कोरीएवढं पोलाद आडवं येत होतं. "जात नाही," तो म्हणाला. "अरे वा," फोरमन म्हणाला, "आम्हाला वाटलं आमच्याच हातात काही कमी आहे. चारशे नग कापलेत असे. मशीनला काय, तुम्ही द्याल ते कापणार. उद्या तुम्ही उंट काढून दिलात तर उंट कापेल." "किती सरकलंय?" "दोन मिलिमीटर. डावीकडे. बघा ना कागदावर, सही तुमचीच आहे." कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात दोन रकाने होते. 'काढणार' या रकान्यात नव्या बाईंची सही, गोल, शाळेतल्यासारखी पूर्ण नाव असलेली. 'तपासणार' या रकान्यात त्याची, जी आता सही उरली नव्हती, नुसता एक झटका होता. पलीकडच्या टेबलावर बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. खुर्चीच्या पाठीला धरून. त्याने पट्टी उचलून टेबलावर बाजूला ठेवली. तेव्हाच बोलायला हवं होतं, तेव्हा ते एका वाक्याचं काम होतं. अर्ध्या तासाने ते तीन वाक्यांचं झालं, आणि दुपारी साहेबांनी बाईंना "काय झालं ते लेखी द्या, उद्यापर्यंत, थेट माझ्याकडे" असं सांगितल्यावर ते किती वाक्यांचं झालं हे मोजायचं त्याने सोडून दिलं.

बाईंना खोलीत सगळे 'रिटर्न तिकीट' म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि तोंडावर म्हटलं तरी त्या हसत. दहा वर्षं घरी राहून, मुलगा मोठा करून, सासऱ्यांचं आजारपण काढून त्या पुन्हा नोकरीवर आल्या होत्या. सहा महिने बघू, मग कायम करू, या बोलीवर. सहा महिने या सोमवारी संपत होते. पहिल्या दिवशी साहेबांनी त्यांना त्याच्या शेजारी आणून बसवलं आणि म्हणाले, "यांना जरा रंग समजावून सांगा." बाईंनी वही उघडली. दहा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ म्हणजे रेघ होती, तिला रंग कळत नव्हता. त्याने पडद्यावर एक चौकोन काढला. "निळा आहे, दिसतोय ना? आता त्याचा कोपरा धरून ओढा." बाईंनी ओढला. चौकोन एका बाजूने लांब झाला, मग वाकडा, मग नुसता पसरला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा तर चिखल आहे." "निळं म्हणजे मोकळं. अजून कुठेही जाऊ शकतं. आता आपण त्याला बंधनं घालू." ही रेघ आडवी. ही तिला काटकोनात. या दोन सारख्या. इथून इथे चाळीस. हा कोपरा मूळबिंदूला चिकटलेला. एकेक बंधन पडत गेलं तशी एकेक रेघ काळी होत गेली, आणि शेवटची काळी झाली तेव्हा बाईंनी न सांगताच कोपरा धरून ओढून पाहिला. हलला नाही. "आता कुठे जाणार नाही बिचारा," त्या म्हणाल्या. मग त्याने मुद्दाम एक जास्तीचं माप टाकलं आणि अर्धा चौकोन लाल झाला. "हे भांडण. दोन बंधनं एकाच रेघेला वेगवेगळं सांगतायत." "म्हणजे आई आणि सासू एकाच वेळी घरी." तो हसला होता. खोलीत कितीतरी दिवसांनी कोणीतरी हसलं होतं. आणि मग त्यांनी एका जुन्या फाइलकडे बोट दाखवलं, जिथे एक रेघ धड पिवळी नव्हती, धड तपकिरी नव्हती. "आणि हा मातकट?" "ती ज्याला धरून होती ते कोणीतरी पुसलंय. ही अजून धरूनच आहे." बाईंनी ते वहीत लिहिलं. पेन खाली ठेवून त्या रेघेकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, काळं झालं म्हणजे बरोबर झालं ना. तो म्हणाला, हो. घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती आणि त्याला भूक लागली होती. काळं म्हणजे फक्त इतकंच की आता हलणार नाही. चुकीच्या जागीही ते तितकंच काळं असतं, तितकंच नीटनेटकं दिसतं. हे सांगायला जेवणाच्या सुट्टीआधी दोन मिनिटं पुरली असती.

बंधनांच्या यादीत सगळ्यात खाली एक कुलपाचं चित्र असतं. ते त्याने शिकवलं नाही. "ते वापरायचं नाही," एवढंच म्हणाला, आणि बाईंनी त्याखाली दोन रेघा मारल्या. कुलूप म्हणजे बंधन नव्हेच. रेघ कशाच्या समांतर आहे, कशाच्या मध्यावर आहे, कोणापासून किती लांब आहे, यातलं काही न सांगता नुसतं म्हणायचं: आहेस तिथे राहा. सगळं निवडायचं, कुलूप दाबायचं, आणि एका क्षणात अख्खं स्केच काळं. अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, मुलीच्या शाळेत सहाला पोचायचं होतं आणि साडेपाचला ड्रॉइंग द्यायचं होतं, तेव्हा त्याने या पट्टीवर ते दाबलं होतं. भोक पट्टीच्या बरोबर मध्यावर असतं, मध्यावरच असायला हवं, दोन्ही बाजूंना वीस वीस. हे त्याला माहीत होतं. स्केचला माहीत नव्हतं. स्केचला फक्त भोकाची जागा माहीत होती. शाळेत तो सहा दहाला पोचला. मुलीचं नाचून झालं होतं.

मग गेल्या महिन्यात पट्टी चार मिलिमीटरने रुंद करायची ठरली. बाईंनी फाइल उघडली, चाळीसचं चव्वेचाळीस केलं, आणि सगळं लाल झालं. त्या त्याच्याकडे आल्या. "सर, नुसता रक्तपात झालाय." तो दुसऱ्या कामात होता. मान वर न करता म्हणाला, "जुनी फाइल आहे. उजव्या कडेची जुनी बंधनं काढून टाका. लाल गेलं की झालं." त्यांनी उजव्या कडेची कुलपं काढली. कड चार मिलिमीटर बाहेर सरकली, लाल गेलं. भोक जिथे होतं तिथेच राहिलं, काळंभोर, कुलूपबंद, डावीकडून वीस आणि उजवीकडून चोवीस. त्याने तपासलं. म्हणजे पडद्यावर नजर टाकली, सगळं काळं आहे हे पाहिलं आणि तो झटका मारला. भोक मध्यावर हवं हे बाईंना कळणार कुठून? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते जगात फक्त एका डोक्यात होतं, आणि ते डोकं त्या वेळी चहा कधी येणार याचा विचार करत होतं.

शनिवारी तो ऑफिसात गेला. खोली रिकामी होती. इथल्या खिडक्या चार बोटं उघडतात, त्यापुढे एक खीळ आहे, आणि त्या फटीतून येणारा वारा खोलीत शिरायच्या आधीच थांबल्यासारखा वाटतो. त्याने आपल्या जुन्या फाइली काढल्या. माहितीच्या पानावर प्रत्येकीत त्याचं नाव आणि तारीख. ते पान कोणी उघडत नाही. दोनशे तेरा फाइली. पहिली उघडली, नीट होती, रेघ रेघेला धरून होती, आणि त्याला स्वतःविषयी बरं वाटलं. दुसरीत तीन कुलपं. तिसरीत सगळी. अकरा उघडल्या, त्यातल्या सातांत कुलपं होती, आणि त्याला आठवायला लागलं: ही ताप असताना, ही बायकोच्या ऑपरेशनच्या आठवड्यात, ही काहीच कारण नसताना. एकदा दाबता येतं हे कळल्यावर. बाराव्या फाइलीवर बोट ठेवून तो थांबला. पट्टीचं बोललं की साहेब विचारणार, अजून कुठे? आणि मग ते दोनशे तेरा फाइली उघडायला बसवतील. कदाचित बाईंनाच बसवतील. खोलीचा प्रमुख पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. त्याची काचेची केबिन कोणाला मिळणार हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या केबिनसाठी आपण गप्प आहोत असं त्याला प्रामाणिकपणे वाटत नव्हतं. त्याला केबिन नकोच होती. ती हवी आहे असं म्हणता आलं असतं तर गप्प राहण्याला निदान एक कारण मिळालं असतं. त्याने स्वतःलाच धरून ओढून पाहिलं, मनातल्या मनात, बाईंनी चौकोनाचा कोपरा ओढला होता तसं. सोमवारी लवकर जाऊन साहेबांना सांगायचं. हललं नाही. बाईंना फोन करायचा. नाही. फोरमनला, जिन्यात, सहज. नाही. यातलं कशाने कशाला धरलंय हे शोधावं म्हटलं तर तेही सापडेना. दिव्याचं बटण बंद करून तो पायऱ्यांनी उतरला, कारण लिफ्टमध्ये आरसा आहे.

रविवारी दुपारी बायको केरसुणी घेऊन आली. मुलगी शिकायला दूर गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ती मुलीच्या खोलीत झोपते. आधी पाठीमुळे, मग तिथे पंखा बरा आहे म्हणून, मग विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्यात भांडण नाही. तिला रंग त्यानेच शिकवले होते, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, एका लांबच्या प्रवासात बोलायला काही उरलं नाही तेव्हा, आणि तिने ते आपल्या पद्धतीने वापरायला घेतले होते. "आज काय, लाल का काळे?" तिने विचारलं. "काळा." "म्हणजे हलायचं नाव नाही. मग निदान पाय तरी वर घ्या, मला झाडायचंय." त्याने पाय वर घेतले. पलंगाखालून तिने एक बटण, एक गोळी आणि मुलीची केसांची पिन काढली, पिन पदराला पुसून खिडकीत ठेवली. "ऑफिसात एक गोंधळ झालाय," तो म्हणाला. ती थांबली. खरंच थांबली, केरसुणी भिंतीला टेकवली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली, दोन वर्षांत पहिल्यांदा. "कोणाचा?" तिने विचारलं. इतका सोपा प्रश्न. त्याच्या जिभेवर 'माझा' हा शब्द होता, त्याला तो टाळूला लागलेला जाणवत होता, गिळायची राहिलेली गोळी विरघळू लागावी तसा कडू. "नव्या बाईंचा," तो म्हणाला. "अरेरे," बायको म्हणाली. "त्यांचं कायम व्हायचंय ना अजून? तुम्ही सांभाळून घ्या हो. तुमचं ऐकतात ना तिथे." "बघू." "बघू काय, बोला. तुम्ही म्हणजे ना, दुखतं कुठे हेसुद्धा डॉक्टरांना मला सांगावं लागतं." ती उठली. ती बसली होती तिथे चादरीवर खळगा राहिला होता. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला, मग हात फिरवून त्याने चादर सारखी केली.

वडील शिंपी होते, दुकान म्हणजे एका बोळाच्या तोंडाशी अडीच पावलांची जागा. कोणतंही कापड ते आधी कच्चं टाचत, मोठमोठ्या पांढऱ्या टाक्यांनी, आणि गिऱ्हाइकाला घालून चालायला लावत. चाल बघत. मग टाके ओढून काढत आणि पुन्हा. पक्की शिलाई मारायला त्यांचा पाय मशीनवर लवकर पडायचाच नाही. गिऱ्हाइकं चिडत, दुसरीकडे जात. त्याच्या शाळेच्या पँटीत ते आत चार बोटं कापड दुमडून ठेवत, म्हणत, वाढशील. वर्गात पोरं त्या जाड दुमडीला हसत. एकदा तो रडला, हट्ट केला, आणि वडिलांनी काही न बोलता जास्तीचं कापड कापून टाकलं आणि काठ पक्का करून दिला. तो किती छान दिसला होता त्या पँटीत. चार महिने. वडिलांनी ती पँट पुढे कितीतरी वर्षं दुकानात ठेवली होती, पुसायचं फडकं म्हणून. ते आपल्याला टोमणा मारतायत की त्यांना फडकंच हवंय, हे त्याला कळलं नाही. तेही विचारायचं राहिलं. सोमवारी, साहेबांनी तिघांना बाराला बोलावलं होतं त्याला दहा मिनिटं असताना त्याला हे का आठवतंय, हेही कळत नव्हतं. टेबलावर ती पट्टी अजून तशीच होती. बाई समोरून आल्या. आज त्यांनी केस घट्ट बांधले होते. "सर, चलायचं?" त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "तुम्ही काळजी करू नका." त्याला वाटलं, आपणच त्यांना हे म्हणायला हवं होतं, आणि त्या वाक्यावर एवढा वेळ अडकून पडला की त्या असं का म्हणाल्या हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही.

साहेबांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि तिसरीवर फाइलींचा ढीग. फोरमन दाराशी उभा राहिला. साहेबांनी शुक्रवारी आलेली दोन पानं समोर ठेवली होती आणि ते वाचत होते, काही मोठ्याने, काही ओठांतल्या ओठांत. "'जुनी बंधनं काढल्यावर भोकाची जागा पुन्हा तपासायला हवी होती, ती मी तपासली नाही.' बरोबर?" "हो सर," बाई म्हणाल्या. "'सगळं काळं दिसल्यामुळे काम पूर्ण झालं असं मी समजले.'" साहेबांनी चष्मा काढला. "रंग समजावून सांगितले होते ना तुम्हाला?" "हो सर. पहिल्याच दिवशी." "मग?" फोरमनने पायाचा भार बदलला. "साहेब, चूक होते," तो म्हणाला, "चारशे पट्ट्यांत नवीन भोक पाडून घेऊ, मी दोन दिवस जास्त लावतो, पण माणूस..." "तुम्ही थांबा जरा," साहेब म्हणाले, आणि त्याच्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं? तुम्ही सीनियर आहात, तुम्ही शिकवलंत. काही सांगायचंय?"

आता. खोलीतलं सगळं आपापल्या जागी होतं. दिनदर्शिका भिंतीला समांतर, टेबल तिला काटकोनात, बाईंचे हात मांडीवर एकमेकांना धरून, साहेबांचा चष्मा उघडा, एक काडी कागदावर टेकलेली. त्याने तोंड उघडलं आणि त्याला जाणवलं की सुरुवात कुठून करायची हे आपण चार दिवसांत ठरवलेलंच नाही. 'ते कुलूप' असं म्हणावं तर साहेबांना कुलूप माहीत नाही. 'अकरा वर्षांपूर्वी' म्हटलं तर मुलीचा नाच सांगावा लागेल. 'मी' म्हणावं. नुसतं मी. पण त्या 'मी'ला पुढे काहीतरी जोडावं लागतं, आणि जे जे जोडायला जावं ते कशाशी तरी भांडत होतं. सगळ्यात आतली, सगळ्यात खरी गोष्ट कोणती, ती आधी सांगू, बाकी तिच्या मागे आपोआप येईल, असं त्याने ठरवलं, आणि ती गोष्ट त्याच्या तोंडून स्पष्ट, ठाम आवाजात बाहेर आली.

"भोक मध्यावर असायला हवं होतं," तो म्हणाला.

"तेच तर!" साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "एवढी साधी गोष्ट."

त्याने पुढचं वाक्य शोधलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. रागाने नाही. दुरून येणाऱ्या बसचा नंबर वाचावा तसं डोळे किंचित बारीक करून. मग त्यांनी नजर काढून घेतली. साहेब चष्मा घालून पुन्हा कागदाकडे वळले होते, कायम करण्याचा विचार तूर्त बाजूला, महिनाअखेरपर्यंत काम दुसऱ्याकडे सोपवून यांना मोकळं करू, असं काहीतरी म्हणत होते, आवाजात बरीच सहानुभूती होती. फोरमन दार उघडून निघून गेला, दार त्याच्यामागे सावकाश मिटत आलं आणि टेकलं. "पण साहेब," तो म्हणाला, किंवा म्हणणार होता. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. "हं?" साहेब म्हणाले. "काही नाही," तो म्हणाला, आणि हे मात्र सगळ्यांना नीट ऐकू आलं. बाई उठल्या, खुर्ची आत सरकवली, दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटेल अशी.

शुक्रवारी बाईंनी अहवाल दोनदा लिहिला होता. पहिल्या प्रतीत कुलूप कोणी लावलं त्याचं नाव आणि तारीख होती, दुसऱ्या प्रतीत नव्हती, आणि साहेबांकडे त्यांनी दुसरी दिली.